यंत्रांची दहीहंडी आणि आमची कर्जवही

गोकुळाष्टमीला हंडी बांधताना आपण सगळ्याच बघतो. खाली दणकट गडी, वर हलकं पोर, दोर किती उंच, तोल कुठे जाईल, सगळा हिशेबच. हीच हंडी २००८ साली पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, यंत्रांनी गाठली. उंच टांगलेल्या मडक्यांतलं लोणी विद्यार्थ्यांनी बनवलेल्या यंत्रांनी काढायचं, असा खेळ होता. नाव होतं ‘गोविंदा’. देशोदेशीचे संघ आले होते आणि जिंकले चीनचे विद्यार्थी. आपली हंडी चीनची पोरं घेऊन गेली, याचं आम्हाला आजही हसू येतं.

या स्पर्धेला रोबोकॉन म्हणतात. ती भरवते आशिया आणि पॅसिफिकमधल्या रेडिओ-टीव्हीवाल्यांची संघटना, म्हणजे आपल्या रेडिओचीच मोठी भावकी. पहिली स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत झाली आणि ती व्हिएतनामने जिंकली. त्याआधी १९८८ पासून जपानचं सार्वजनिक टीव्ही केंद्र तिथल्या तंत्रशाळांच्या मुलांना असे सामने खेळवत होतं.

पण मूळ आणखी मागे जातं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९७० च्या दशकात वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक होते. ते प्रत्येक विद्यार्थ्याला एक पिशवी द्यायचे. आत स्प्रिंगा, पट्ट्या, छोटी मोटर, असलंच किरकोळ सामान. सगळ्यांना सारखंच. त्यातून यंत्र बनवायचं आणि भरल्या सभागृहात दुसऱ्याच्या यंत्राशी भिडवायचं. आम्हाला यातली पिशवी फार आवडली. श्रीमंताच्या पोराला मोठी आणि गरिबाच्या पोराला लहान, असं तिथे नव्हतं. पुढे फ्लॉवर्स आणि डीन केमन यांनी हाच खेळ शाळकरी मुलांसाठी आणला. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघ खेळले. इंजिनिअर काय करतो हे पुस्तकातून कळत नाही, ते हाताने करून कळतं, एवढीच त्यामागची कल्पना. २०१७ मध्ये अशाच एका जागतिक स्पर्धेसाठी अफगाणिस्तानातल्या हेरातच्या सहा मुलींना अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. गाजावाजा झाला, मग मिळाला. त्या वॉशिंग्टनला पोचल्या आणि पदक घेऊन परतल्या.

२०१४ ला रोबोकॉन पुन्हा पुण्यात आली. या वेळी खेळ होता आईबापांना वंदन करण्याचा. मोठ्या यंत्राने लहान यंत्राला कडेवर घेऊन बागेत न्यायचं, सी-सॉवर बसवायचं, झोपाळ्यावर झुलवायचं. विषय आपला, घरातला. तरी यातलं काहीच आमच्या गटांत तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पुणं काही फार लांब नाही.

मुलींनी इंजिनिअर होणं हे काही आजचं खूळ नव्हे. मद्रासच्या ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा पदरात चार महिन्यांची मुलगी होती. त्या गिंडीच्या कॉलेजातून १९४३ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. इकडे आपल्या कोकणातले धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्याच संस्थेने १९९१ मध्ये मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं. मधे ९५ वर्षं गेली.

आता आमचीच गोष्ट. हे भाषण लिहायला बसलो तेव्हा पेण आणि रोह्याच्या काही गटांच्या कर्जवह्या चाळल्या. मुलाचा डिप्लोमा, मुलाची फी, मुलाची मोटारसायकल. मुलींच्या नावापुढे शिलाई मशीन आणि लग्न. प्रत्येक ओळीखाली सह्या आमच्याच. कुणा सासऱ्याने अडवलं नव्हतं. आम्ही मुलींसाठी मागितलंच नव्हतं.

आणि गंमत अशी की यंत्राचं डोकं आपल्याकडे आहे. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायांना विचारा, साच्यात काथ्या किती घातला की मूर्तीचा हात तुटत नाही, मोठ्या गणपतीचा तोल कुठे राहतो. पेपरात हेच विचारतात, फक्त भाषा वेगळी.

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. पेणमध्ये शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमा झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शासकीय प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रम घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खोलीभाडं, खानावळ, येणंजाणं मात्र माफ नाही. पोरी अडतात त्या तिथेच, आणि गटाचं कर्ज लागतं तेही तिथेच.

गेल्या बैठकीत एक ताई हळूच म्हणाल्या, “माझ्या धाकटीला मशीनचं खोलून बघायचं वेड आहे, पण तिला मेलीला ओरडतेच मी.” आम्ही सगळ्या हसलो. मग त्यांनी विचारलं, डिप्लोम्याला राहण्याखाण्यासकट वर्षाला किती लागतील? पुढच्या बैठकीत तो हिशेब मांडणार आहोत. शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला, तिन्ही घेऊन या असं त्यांना सांगितलंय.