अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा आहारविचार आणि साखरेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

विसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास प्रामुख्याने राजकीय चळवळी, सहकार आणि सामाजिक सुधारणा यांच्या अंगाने लिहिला गेला. त्या मानाने सामान्य माणसाच्या ताटात या काळात काय बदलले, याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. आज मधुमेहाच्या संदर्भात प्रक्रिया केलेले अन्न आणि त्यातील न दिसणारी साखर यांची चर्चा सर्वत्र होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. त्यामुळे हा प्रश्न नवा आहे, आणि तो केवळ वैद्यकाचा आहे, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः अन्नावर कोणी, कोठे आणि कोणासाठी प्रक्रिया करावी हा वाद १९३४ नंतर वर्धा येथे अत्यंत गांभीर्याने लढविला गेला. प्रस्तुत लेखात त्या वादाचा, विशेषतः त्यातील गूळ आणि साखर या भागाचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मगनवाडीची पार्श्वभूमी

काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनातील ठरावानुसार डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे संघटक-मंत्री होते. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व तेथील इमारत संघाला दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला ‘मगनवाडी’ असे नाव पडले. १९३५ च्या आरंभापासून एप्रिल १९३६ मध्ये शेगावला (पुढील सेवाग्राम) जाईपर्यंत गांधीजींचा मुक्काम याच ठिकाणी होता.

संघाच्या पहिल्या कार्यक्रमात अन्नाला अग्रस्थान होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ या चार वस्तू संघाच्या प्रचाराचा गाभा होत्या. गांधीजींनी ‘हरिजन’मधून या विषयावर लेखमाला चालविली आणि त्यासाठी डॉक्टरांची मते मागविली. मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीनचे प्रयोग झाले, कच्चा पाला खाण्याचे प्रयोग झाले. हे प्रयोग सर्वांनाच मानवत होते असे नाही. १९२९ मध्ये गांधीजींनी स्वतःवर केलेला कच्च्या अन्नाचा प्रयोग प्रकृती बिघडल्याने सोडून द्यावा लागला होता. हा अनुभव गाठीशी असूनही त्यांची प्रयोगाची हौस कमी झाली नाही, एवढे मात्र खरे.

या प्रचाराला तत्कालीन विज्ञानाचा आधार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच वैद्य आइकमन यांनी जावा बेटावर सडीक तांदूळ आणि बेरीबेरी यांचा संबंध दाखविला होता. भारतात कुन्नूर येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी निरनिराळ्या प्रांतांतील आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ तपासली. गव्हाची चपाती, दूध, डाळ आणि भाज्या असणारा पंजाबकडील आहार त्यांना सर्वांत सरस आढळला, तर सडीक तांदळावर आधारलेला मद्रासकडील आहार सर्वांत निकृष्ट ठरला. त्यांचे उत्तराधिकारी ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. धान्याचा कोंडा व कण्याचा भाग टाकला म्हणजे त्यातील जीवनसत्त्वे जातात, हे आता शास्त्राने मान्य केले होते. मगनवाडीने त्याला अर्थशास्त्राची जोड दिली. गिरणी धान्यातील सत्त्व काढते आणि त्याच वेळी गावातील कांडपिणीचा रोजगारही काढून घेते, हा कुमारप्पांचा मुद्दा होता.

गूळ की साखर

साखरेचा प्रश्न मात्र तांदळापेक्षा गुंतागुंतीचा होता, आणि त्याला काळाचा विलक्षण योग लाभला होता. १९३२ च्या कायद्याने भारतीय साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले. तोपर्यंत देशात येणारी पांढरी साखर मुख्यत्वे जावामधून येत असे. १९३१-३२ मध्ये देशात तीसेक कारखाने होते. पुढील चार-पाच वर्षांत ती संख्या सव्वाशेच्या वर गेली. दख्खनमध्ये नीरा, गोदावरी, प्रवरा यांच्या कालव्यांनी उसाखालील क्षेत्र आधीच वाढविले होते. त्या पाण्यावर बेलापूर कंपनी, वालचंदनगर, माळीनगर असे कारखाने उभे राहिले. म्हणजे ज्या वर्षांत वर्ध्याला गुळाचा पुरस्कार चालू होता, त्याच वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखानदारीचा पाया घातला जात होता.

गोडाच्या या दोन रूपांतील भेद समजण्यासाठी गुऱ्हाळाकडे पाहावे लागते. चरकातून निघालेला रस काहिलीत उकळायचा, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर आणून काढून टाकायची, पाक आळला की साच्यात ओतायचा. रसातील बहुतेक सर्व घटक ढेपेत उतरतात. कारखान्यात चुना आणि गंधकाचा धूर यांनी रस निवळतात, दाणे पाडतात आणि फिरत्या यंत्रात काळी मळी वेगळी करतात. उरते ती जवळजवळ शुद्ध शर्करा. मळीबरोबर लोह व अन्य क्षार वाया जातात हा संघाचा आक्षेप होता. कुमारप्पांचा आक्षेप याहून व्यापक होता. कारखान्याला सोयीचा ऊस लावण्यासाठी चांगली, ओलिताची जमीन अन्नधान्यातून काढून घेतली जाते, असे ते म्हणत. त्यावर उपाय म्हणून पडीक जमिनीवरील ताड व शिंदीच्या नीरेपासून गूळ करावा, म्हणजे उसाची जमीन धान्याला मोकळी होईल, अशी त्यांची योजना होती. गजानन नाईक यांनी ताडगुळाच्या तंत्राचा प्रसार करण्यात पुढे मोठे काम केले. नीरा आणि ताडी यांत काही तासांचेच अंतर असल्याने दारूबंदीच्या कार्यकर्त्यांनाही या योजनेत रस होता.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. संघाने गुळाला औषध मानले आणि हवा तितका खावा असे सांगितले, असे आज गूळविक्रीच्या जाहिराती वाचून वाटू शकते. वस्तुस्थिती तशी नाही. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली. तीत बैठे काम करणाऱ्याच्या रोजच्या आहाराचे प्रमाण दिले आहे. त्यात गोड पदार्थाचा वाटा दीड औंस, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम आहे; आणि तो गुळाचा असो वा पांढऱ्या साखरेचा, दोन्ही चालतील असे त्यात स्पष्ट आहे. शहरातील लोक गोड फार खातात आणि भुकेल्या देशात मिठाई झोडणे ही एक प्रकारची लूट आहे, हा त्यांचा अभिप्राय होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवली. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ती ५० ग्रॅम होते. याही मर्यादेत गूळ, मध, साखर हे सारे एकाच मापाने मोजले जातात. चरकसंहितेनेही प्रमेहाच्या कारणांत बैठी सुखासीनता, अतिझोप, नवे धान्य यांच्याबरोबर गुळाचे पदार्थ सांगितले आहेत. गूळ म्हणजे निर्धोक गोडी, ही समजूत ना परंपरेची आहे ना मगनवाडीची.

मग गांधीजी दोहोंना सारखे प्रमाण देत असतील, तर गुळासाठी एवढा आग्रह का? याचे उत्तर पोषणात अंशतः आणि दृश्यतेत अधिक आहे, असे येथे सुचवावेसे वाटते. गुळाचा खडा हातात घेतला म्हणजे आपण किती गोड खात आहोत हे खाणाऱ्याला कळते. त्याचा रंग व वास दुसऱ्या पदार्थात लपत नाही. पांढरी, निर्गंध, सहज विरघळणारी साखर मात्र कशातही मिसळते. वर्ध्याच्या मंडळींनी हा मुद्दा साखरेविषयी या शब्दांत मांडलेला नाही. परंतु वनस्पती तुपाविषयी तो अगदी उघडपणे पुढे आला. डालडासारखे कडक केलेले तेल साजूक तुपात मिसळले तर ओळखू येत नाही. म्हणून त्याला रंग द्यावा, ही मागणी अनेक वर्षे चालली. रंगाचा प्रश्न सुटला नाही. शेवटी वनस्पतीत ठराविक प्रमाणात तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली, म्हणजे प्रयोगशाळेत तरी भेसळ सापडावी. खाणाऱ्याच्या डोळ्याऐवजी रसायनशाळेचा डोळा आला, तो असा.

मर्यादा

संघाच्या विचारातील उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. जात्यावरचे पीठ हा आदर्श मांडताना पहाटे उठून दळणाऱ्या बाईच्या कष्टांचा हिशेब पुरेसा झाला नाही. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले. पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्या ओव्या गाणाऱ्यांनीच तिचे स्वागत केले. आणि गंमत अशी की, या गिरणीने कुमारप्पांची भीती महाराष्ट्रापुरती बरीचशी खोटी पाडली. घरचे निवडलेले ज्वारी-गहू डब्यात घालून न्यायचे, दळणावळ द्यायची आणि आपल्याच धान्याचे पीठ कोंड्यासकट परत आणायचे, ही पद्धत रूढ झाली. यंत्र आले, तरी धान्य खाणाऱ्याच्या नजरेखालीच राहिले. भाकरी आणि पोळी यांतील सत्त्व त्यामुळे टिकले. ते निसटले मैद्याच्या वाटेने : पाव, खारी, बिस्किटे. विलेपार्ल्यातील पार्ले कारखान्यात १९३९ मध्ये बिस्किटे निघू लागली. स्वस्त बिस्किटाचा पुडा पुढे दुर्गम वाडीतही पोहोचला, आणि त्यात मैदा व साखर एकत्रच आले.

स्वातंत्र्यानंतर

स्वतंत्र भारताच्या शासनाने मगनवाडीचे म्हणणे अर्धे ऐकले. १९५३ मध्ये खादी व ग्रामोद्योग मंडळ आले, १९५८ मध्ये भातगिरण्यांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. हा कायदा १९९७ मध्ये रद्द होईपर्यंत हातसडीचा तांदूळ शहरी दुकानात आरोग्यप्रेमींची महागडी वस्तू बनला होता. दुसरीकडे १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकऱ्याने स्वतः मालक व्हावे हा त्यातील विचार ग्रामोद्योगाच्या ध्येयाशी विसंगत नव्हता. विसंगत होती ती वस्तू. ग्रामीण महाराष्ट्राची शाळा, दवाखाना, महाविद्यालय यांपैकी कितीतरी संस्था साखरेच्या पैशावर उभ्या राहिल्या. त्यामुळे साखरेच्या सेवनाची चिकित्सा येथील सार्वजनिक जीवनात अवघड होऊन बसली, हे मान्य करावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेल्या नियंत्रणामुळे साखर शिधापत्रिकेवर आली. १९६७ पासूनच्या अंशतः नियंत्रणात कारखान्यांच्या उत्पादनाचा एक हिस्सा शासन घेत असे. ही लेव्ही २०१३ मध्ये बंद झाली. रांगेत उभे राहून मिळणारी वस्तू प्रतिष्ठेची ठरते. सणाला साखर जादा मिळावी ही मागणी झाली, आणि पाहुण्यापुढे गुळाचा चहा ठेवणे कमीपणाचे वाटू लागले. गुळालाही पांढरपेशी रूप घ्यावे लागले. ग्राहकाला पिवळाधमक गूळ हवा म्हणून गुऱ्हाळात हायड्रॉस नावाची पावडर पडू लागली. पूर्वीचा तांबूस-काळसर गूळ आता ‘सेंद्रिय’ म्हणून चढ्या भावाने विकला जातो.

गेल्या तीन दशकांत साखर घरच्या डब्यातून कारखान्यातील पाककृतीत गेली. सॉस, न्याहारीची पोहेवजा तयार धान्ये, फळांचे म्हणून विकले जाणारे रस, लहान मुलांच्या दुधात घालायची पूड, अशा अनेक पदार्थांत ती असते. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पण साखर, द्रवरूप ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन अशी निरनिराळी नावे पडली की प्रत्येक घटक यादीत खाली सरकतो, आणि पहिल्या स्थानावर धान्य दिसते. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी दाखविणे बंधनकारक केले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र शासनाने ई-व्यापार संकेतस्थळांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्याचा आदेश दिला. हे सर्व उपाय वेष्टनात येणाऱ्या आणि वाचता येणाऱ्या अन्नापुरते आहेत. नाक्यावरच्या चहाच्या पातेल्यात किंवा बेकरीच्या सुट्या नानकटाईत किती साखर पडली, हे छापण्याची सक्ती कोणत्याही नियमात नाही.