गुळवेल आणि यकृतरक्षण : एका दाव्याचा इतिहास

‘कावीळ’ हा शब्द लक्षणाचा आहे, रोगाचा नव्हे. पित्तनलिकेत अडकलेला खडा, विषाणूचा संसर्ग आणि औषधामुळे झालेली यकृताची हानी या तिन्हींत डोळे पिवळे होतात. त्यामुळे कावीळनाशक म्हणून परंपरेने सांगितलेली वनस्पती औषधजन्य हानीपासूनही यकृताचे रक्षण करते, असे परस्पर म्हणता येत नाही. हा दुसरा प्रश्न विसाव्या शतकाचा आहे.

पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृतपेशी मृत होतात, अशी नोंद ब्रिटनमधून 1966 मध्ये प्रसिद्ध झाली. या औषधाचा थोडा अंश यकृतातील विकरे विषारी मध्यस्थ पदार्थात बदलतात. एरवी ग्लुटाथिओन त्याला निष्प्रभ करते. मात्रा वाढली की ग्लुटाथिओनचा साठा संपतो आणि पेशींचा नाश सुरू होतो. हे 1973 मध्ये अमेरिकेतील मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. तेव्हापासून पॅरासिटामॉल दिलेला उंदीर हा वनस्पतींच्या अर्काची परीक्षा घेण्याचा सोयीचा मार्ग ठरला. या प्रयोगांत बहुधा अर्क आधी आणि विष नंतर दिले जाते. अर्काने विकरांनाच मंदावले तर विषारी पदार्थ कमी तयार होतो व उंदीर वाचतो. पण काही तासांपूर्वी गोळ्या घेतलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग काय? असे कित्येक निबंध वाचताना हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधन याहून वेगळ्या वाटेने गेले. डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. रवी बापट आणि सहकाऱ्यांनी 1989 पासून अवरोधजन्य काविळीत गुळवेलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1993 मध्ये 30 रुग्णांवरील निष्कर्ष आले. तेथे मोजली गेली ती रोगप्रतिकारशक्ती, आणि टाळायचा होता तो जंतुसंसर्ग. औषधजन्य हानीचा तो पुरावा नव्हे, तरी त्याचा तसा उल्लेख होतो.

पुढे फासे उलटे पडले. कोविडच्या साथीत गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांना यकृतविकार झाल्याचे मुंबईच्या वैद्यांनी 2021 मध्ये नोंदविले. त्यावर आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी शंका घेतली : ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा? देशभरातील 43 रुग्णांचा अभ्यास 2022 मध्ये आला. त्यांतील अनेकांत स्वयंप्रतिकारजन्य यकृतविकाराची लक्षणे आढळली.

वाद अखेर वनस्पतीच्या ओळखीपाशी आला, आणि येथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. डॉ. वि. ना. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्कासाठी वनस्पती गोळा करणाऱ्या अध्यापकाने प्रथम उघडावा असा हा ग्रंथ आहे. मात्र त्यातील उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा नव्हे. लातूर 1982 मध्ये वेगळा झाला. नमुना कोणत्या गावाच्या शिवारातला, हे त्यामुळे तालुक्यासह लिहावे लागते.