गिर्येची गोदी

गुजरातच्या द्वारकेला समुद्र आहे, आपल्या दिल्लीतील द्वारकेला नाही! म्हणून ही दर्याकाठची गोष्ट.

देवगड तालुक्यात विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीकाठी गिर्ये हे छोटे गाव आहे. तेथे खडकात खोदलेली, सुमारे १०९ मीटर लांबीची आंग्रेकालीन गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचे, ओहोटीने पाणी उतरले की तळाची डागडुजी करायची. पंप नाही, वीज नाही. आम्हा रेल्वेच्या अभियंत्यांना हेवा वाटावा असे काम!

१७५६ साली इंग्रजांनी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला आणि त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात पेशव्यांना दिला. पुढे आनंदराव धुळपांचे आरमार येथूनच चाले. १८१८ नंतर आरमार संपले, पण खलाशी राहिले. गाबीत, भंडारी कुटुंबे शिडांवरच जगली. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि गणपती झाले की पुन्हा वल्ही हाती घ्यायची.

आधी आगबोटी आल्या, मग एस.टी., आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. शिडे उतरली, त्यात आम्हा रेल्वेवाल्यांचाही थोडा हात आहेच.

गोदी पाहायला जाल तर ओहोटीची वेळ विचारून जा. तेव्हाच तिच्या कडा नीट दिसतात.