घराच्या छतावरील भूकेंद्र

घराला सोयीसाठी जोडलेल्या बहुतेक वस्तू शेजारधर्माने चालतात. पाण्याचा नळ रस्त्याखालच्या नळाशी बांधलेला असतो, विजेची तार कोपऱ्यावरच्या खांबाशी. उपग्रहाची तबकडी मात्र कोणाही शेजाऱ्याशी जोडलेली नसते. ती आकाशातील एका बिंदूकडे तोंड करून वर्षानुवर्षे निश्चल उभी राहते आणि सुमारे छत्तीस हजार किलोमीटरांवरून येणारी लहर झेलते. शहरात तिला डिश म्हणतात, खेडोपाडी तिचे नाव छत्री. पत्र्याच्या छपरावर, गच्चीच्या कठड्यावर, शेतातील वस्तीवर ती आता इतकी ओळखीची झाली आहे की, तिच्याकडे कोणी मान वर करूनही पाहत नाही. परंतु हे उपकरण सामान्य गृहस्थाच्या छतावर येऊन बसावे आणि ते त्याने स्वतःच्या हाताने बसवावे, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. तिच्यामागे शास्त्रज्ञांची दृष्टी आहे, हौशी माणसांचा खटाटोप आहे, आणि आकाशातून आलेले ग्रहण करण्याचा अधिकार कोणाचा, हा जुना वादही आहे.

या कथेचा आरंभ १९४५ सालापासून करावयास हरकत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात आर्थर सी. क्लार्क या तरुणाचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषुववृत्ताच्या वर योग्य उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच चोवीस तासांत एक फेरी पुरी करील, म्हणून तो जमिनीवरून पाहणाऱ्याला जागच्या जागी थांबल्यासारखा वाटेल, आणि असे तीन उपग्रह साऱ्या जगाला प्रक्षेपण पुरवू शकतील, असे त्याने मांडले. या लेखातील एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. ग्रहणासाठी फूटभर व्यासाची लहानशी तबकडी पुरेल, असे क्लार्कने त्याच वेळी लिहून ठेवले होते. म्हणजे उपग्रहाची कल्पना आणि घरच्या तबकडीची कल्पना या दोन्ही जुळ्या बहिणी होत.

प्रत्यक्षात मात्र धाकटी बहीण फार उशिरा घरी आली. पहिल्या उपग्रहांची शक्ती अत्यल्प होती, आणि आकाशातील दिवा मिणमिणता असला की जमिनीवरील डोळा मोठा लागतो. १९६२ साली टेलस्टार उपग्रहाचे चित्र झेलण्यासाठी इंग्लंडमध्ये गूनहिली येथे सव्वीस मीटर व्यासाची तबकडी उभारावी लागली. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ च्या सुमारास जे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, त्याची तबकडी जवळजवळ तीस मीटरांची होती. विक्रम साराभाईंच्या स्मरणार्थ त्या केंद्राला विक्रम हे नाव मिळाले. अशी यंत्रणा ही सरकारची, मोठ्या अभियंत्यांची आणि मोठ्या अंदाजपत्रकाची गोष्ट होती. ती कोणाच्या अंगणात मावेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

साराभाईंच्या विचाराची दिशा मात्र नेमकी उलट होती. उपग्रह सामर्थ्यवान करावा आणि जमिनीवरील साधन स्वस्त व सोपे ठेवावे, असा तो हिशोब. आकाशातील खर्च एकदाच करावयाचा असतो, जमिनीवरचा खर्च मात्र गावोगाव करावा लागतो. १९६९ च्या सप्टेंबरात भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. साराभाई १९७१ च्या अखेरीस निवर्तले, तरी त्यांची योजना पुढे गेली. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह पूर्व आफ्रिकेवर ३५ अंश पूर्व रेखांशाशी आणून ठेवण्यात आला, आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष सहा राज्यांतील २,४०० गावांत त्याचे कार्यक्रम थेट दाखविण्यात आले. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही ती राज्ये. महाराष्ट्र त्यांत नव्हता. तथापि प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत प्राध्यापक यशपाल यांच्याबरोबर मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस हे होते, हे मराठी माणसाने विसरू नये.

या २,४०० गावांत बसविलेली तबकडी तीन मीटर व्यासाची होती आणि तिचा पृष्ठभाग होता कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीचा. यात काटकसर होती तेवढीच शास्त्रशुद्धताही होती. प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्झवर होई, त्यामुळे लहरीची लांबी सुमारे पस्तीस सेंटिमीटर भरे. जाळीची भोके त्या मानाने इतकी लहान की, लहरीला ती जाळी अखंड आरशासारखीच भासे. वारा मात्र तिच्यातून निघून जाई. शिवाय लांब लहरीमुळे नेम धरण्यातही सवलत होती. तोंड तीन-चार अंशांनी चुकले तरी चित्र हाती लागे. छत्तीसगडमधील एखाद्या शाळेच्या आवारातील जाळी पश्चिम-नैर्ऋत्येला, क्षितिजापासून बत्तीस-तेहतीस अंश वर तोंड करून उभी असे. मोठमोठ्या देशांतील बहुतेक नागरिकांनाही तोवर जे मिळाले नव्हते, ते उपग्रहाचे थेट चित्र भारतातील खेडूत चावडीपुढे बसून पाहत होता.

त्या वर्षी या उपग्रहाने आणखी दोन घरांत प्रवेश केला, आणि येथूनच आपल्या विषयाला खरे वळण लागते. पहिले घर कोलंबोतील, खुद्द आर्थर क्लार्क यांचे. ते तेव्हा श्रीलंकेत राहत असत. इस्रोच्या अभियंत्यांनी त्यांच्या घरी तबकडी बसवून दिली. तीस वर्षांपूर्वी ज्याने कल्पना मांडली, त्याच्या दारी ती भारताच्या हातून पोचती झाली. दुसरे घर इंग्लंडमधील शेफील्ड शहरातले. तेथे स्टीफन बर्किल या बीबीसीतील अभियंत्याने १९७५ च्या अखेरीस घरी तयार केलेल्या तबकडीने आणि घरीच जुळविलेल्या ग्राहकयंत्राने भारतातील खेड्यांसाठी सोडलेले ते चित्र पकडले. त्याला ते कोणी पाठविले नव्हते, कोणी बोलावलेही नव्हते. तो उपग्रह शेफील्डच्या क्षितिजावर जेमतेम वीस अंश वर होता. भारतीय शेतकऱ्यासाठी निघालेल्या लहरीचा काठ तेथवर पोहोचत होता, आणि तो काठ कसा धरावा हे या माणसाला ठाऊक होते. गृहस्थाने स्वतः बसविलेल्या तबकडीच्या इतिहासातील हे पहिले ठळक पान, आणि त्यावर भारताचे नाव आहे.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठातील टेलर हॉवर्ड यांनी कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास येथील आपल्या घरी अशीच यंत्रणा उभी केली. एचबीओ ही चित्रपट दाखविणारी वाहिनी उपग्रहावरून केबल कंपन्यांना कार्यक्रम पुरवीत असे, ते त्यांना घरी दिसू लागले. हॉवर्ड सरळ माणूस. त्यांनी मोबदला म्हणून शंभर डॉलरचा धनादेश कंपनीला पाठविला. आम्ही व्यक्तींशी व्यवहार करीत नाही, असे कळवून कंपनीने तो परत केला. या लहानशा पत्रव्यवहारात पुढच्या सगळ्या वादाचे बीज आहे. माझ्या अंगणात पडलेली लहर मी घ्यावी की नाही? आणि घेतली तर ती चोरी की ग्रहण?

हॉवर्ड यांनी आपल्या यंत्राची कृती पुस्तिकेच्या रूपाने इतरांना उपलब्ध करून दिली, आणि पाहता पाहता अमेरिकेतील शेतवाड्यांवर, जेथे केबल पोहोचत नव्हती तेथे, तबकड्या उगवू लागल्या. १९७९ च्या ऑक्टोबरात तेथील दळणवळण आयोगाने केवळ ग्रहण करणाऱ्या भूकेंद्रांवरील परवान्याची सक्ती उठविली. १९८४ च्या कायद्याने संकेतबद्ध नसलेले कार्यक्रम खासगी रीतीने पाहण्यास मुभा दिली. तेव्हा प्रक्षेपकांनी कायद्याऐवजी कुलपाचा आश्रय घेतला, आणि १९८६ च्या जानेवारीत एचबीओने आपले चित्र कायमचे संकेतबद्ध केले. लहर पूर्ववत् अंगणात पडत होती, परंतु किल्लीवाचून ती निरर्थक होती.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगण्यासच परवाना लागे. रेडिओचा परवाना घेण्यासाठी टपाल कार्यालयात घातलेले हेलपाटे जुन्या श्रोत्यांना आठवत असतील. १९९१ साली एशियासॅट-१ या उपग्रहावरून स्टार टीव्हीच्या वाहिन्या सुरू झाल्या, आणि गल्लोगल्ली केबलवाला नावाचा एक नवाच कारागीर उदयास आला. आठ-दहा फुटी छत्री तो स्थानिक कारखान्यात घडवून घेई, इमारतीच्या गच्चीवर बसवी आणि तारा टाकून शंभर घरांना चित्र देई. या धंद्याला नियम लागू झाले ते १९९५ च्या कायद्याने. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय असा निर्णय दिला. तरीही १९९७ च्या जुलैत सरकारने ४,८०० मेगाहर्ट्झच्या वरील लहरींवरून दूरचित्रवाणी ग्रहण करण्यास बंदी घातली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, मोठी छत्री चालेल, पण लहान तबकडी चालणार नाही. ही बंदी उठविण्याचा निर्णय २००० च्या नोव्हेंबरात झाला. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनने वर्गणीवाचून चालणारी थेट सेवा सुरू केली. तिचे आजचे नाव डीडी फ्री डिश. बाजारातून एकदा संच विकत आणावा आणि आपला आपण बसवावा, मासिक देणे काही नाही, अशी ही व्यवस्था असून काही कोटी घरे तिच्यावर अवलंबून आहेत.

तो आपला आपण बसवावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे? या सेवेचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी आहे. पुण्याहून पाहता तो उत्तरेपासून उजवीकडे मोजलेल्या १३२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेस, आणि क्षितिजापासून ५९ अंश वर येतो. नागपूर पूर्वेकडे असल्याने तेथून तो दक्षिणेकडे अधिक सरकतो, १४५ अंशांच्या आसपास. प्रथम त्या दिशेला झाड वा भिंत आडवी येत नाही ना, ते पाहावे. मग खांब ओळंब्याने काटेकोर उभा करावा. खांब कलला तर पुढची सारी मोजमापे खोटी पडतात. होकायंत्र वापरताना पत्र्यापासून आणि लोखंडी सळ्यांपासून दूर उभे राहावे. लहान तबकड्यांत ग्राहकयंत्राची भुजा मध्यभागी नसून खालच्या बाजूस असते, म्हणून तबकडी खऱ्या उंचीपेक्षा वीस-पंचवीस अंश खाली पाहत असल्यासारखी दिसते. नवखा माणूस येथेच फसतो आणि ती अकारण आकाशाकडे उताणी करतो. भुजेच्या टोकावरील एलएनबीही ठिकाणाप्रमाणे थोडा फिरवावा लागतो. शेवटी एकाने नट सैल ठेवून तबकडी बोटभर बोटभर सरकवावी आणि दुसऱ्याने घरात पडद्यावरील संकेताची पट्टी पाहून हाक द्यावी. साठ सेंटिमीटरांच्या तबकडीत दीड अंशाची चूक झाली की निम्मी शक्ती जाते. खेड्यातील त्या तीन मीटरांच्या जाळीला जी सवलत होती, ती येथे नाही.

एवढे करूनही मुसळधार पावसात चित्र जाईल. ही लहर अवघी अडीच सेंटिमीटरांची असल्याने पावसाचे थेंब तिला शोषून घेतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस ठरावीक वेळी चित्र काही मिनिटे बिघडेल, कारण तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीशी येतो. हा दोष तबकडीचा नव्हे. हे ज्याला ठाऊक आहे तो स्वस्थ बसतो. ज्याला ठाऊक नाही तो नट सैल करून चांगली बसलेली तबकडी हलवितो, आणि दुरुस्तीवाल्याची वाट पाहत राहतो.

आर्वीची तीस मीटरांची तबकडी, खेड्यातील तीन मीटरांची जाळी आणि आजची अर्ध्या-पाऊण मीटरांची छत्री, असा हा प्रवास आहे. आकार घटत गेला तसा ग्रहणाचा अधिकार सरकारकडून गावाकडे आणि गावाकडून घराकडे आला. परंतु अधिकार आणि सामर्थ्य या दोन भिन्न वस्तू आहेत. कायद्याने परवानगी दिली तरी दिशा, उंची आणि ओळंबा यांचे ज्ञान कायदा देत नाही. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोगाची मुदत संपली, उपग्रह परत गेला आणि त्या २,४०० गावांतील जाळ्या मुक्या झाल्या. पाठविणाऱ्याने पाठविणे थांबविले तर घेणाऱ्याचा इलाज चालत नाही, हे त्या दिवशी दिसले. म्हणूनच जे सर्वांसाठी खुले आहे ते खुले राहील याविषयी समाजाने जागरूक असावे, आणि ते घेण्याची कला दोन-चार तंत्रज्ञांपुरती न राहता घराघरांत असावी. डोंगरकपारीतील वस्तीवर एखादी मुलगी होकायंत्र हाती घेऊन आग्नेय दिशा निश्चित करते आणि तिचा भाऊ छपरावर पाना आवळतो, तेव्हा ती दोघे नकळत आकाशाची भूमितीच शिकत असतात. क्लार्कचा तो जुना लेख आणि साराभाईंचा तो हिशोब यांचे सार्थक त्या छपरावर होते.