मालवणी घराचे खळे

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, जिथे मृगापासून हस्तापर्यंत सुमारे ३००० मिलिमीटर पर्जन्य कोसळतो, तिथे दारापुढचे खळे ही एकदा करून सोडून देण्याची वस्तू कधीच नव्हती. भातकापणीच्या सुमारास, पावसाने धुपलेले व तणाने माजलेले खळे कुदळीने खणून, ढेकळे फोडून, तांबडी माती पसरून ती पाण्याने भिजवीत, आणि मग लाकडी चोपण्यांनी लयीत ठोकून ती भूमी इतकी घट्ट करीत, की झोडलेल्या भाताचा दाणा मातीत रुतू नये. वर शेणाचे सारवण, आणि त्यावर उन्हाळाभर माटवाची, म्हणजे मांडवाची, सावली. हे श्रम दरसालचे होते, म्हणूनच ढाळ कुठे चुकला ते दरसाल कळे.

मुंबईकर चाकरमानी निवृत्त होऊन, विशेषतः १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यानंतर, गावी घरे बांधू लागला, तेव्हा त्याला हवी होती मोटार दारापर्यंत नेणारी वाट. परंतु पाणंद पडली बैलगाडीच्या मापाची. ती रुंदावण्यास शेजाऱ्याचा गडगा मागे सारावा, तर सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची लांबलचक नामावळी, आणि वहिवाटीचा तंटा आजोबांच्या वेळेपासूनचा! वाट राहिली तशीच; खळ्यात मात्र मातीच्या जागी काँक्रीट आले, आणि त्यातील पाणी जिरेना. चुन्या-सिमेंटावाचून रचलेल्या जुन्या गडग्याच्या फटींतून जे निमूटपणे निघून जाई, ते आता पडवीत शिरू लागले. कित्येकांनी मग काँक्रीट उखडून जांभ्याचे चिरे बसविले. माझ्या मते हे शहाणपणाचे. मात्र आषाढात त्यांवर शेवाळ चढते, आणि परसातल्या विहिरीपर्यंत जाण्यास नारळीची झावळे अंथरावी लागतात.