चौरंगी ते पंचरंगी : एका विस्मृत स्पर्धेची कथा

रायपूर मध्यप्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती, त्या काळची ही हकिगत आहे. नागपूरचे सी. के. नायडू 1916 साली मुंबईच्या चौरंगी सामन्यात हिंदू संघाकडून प्रथम खेळले व त्यांनी धावांचे खाते षटकारानेच उघडले. रणजी स्पर्धा सुरू झाली 1934 मध्ये. तोवर मुंबईचा हा सामनाच देशातील क्रिकेटचे सर्वोच्च व्यासपीठ होता.

युरोपियन व पारशी यांच्यात 1892 पासून सामने होत. 1907 मध्ये हिंदू आले, 1912 मध्ये मुसलमान. तिरंगीची चौरंगी झाली. संघ धर्मावर बेतलेले होते. मात्र या भिंतीच्या आतही एक भिंत होती, हे आपण बहुधा विसरतो.

डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू चर्मकार कुटुंबातले. पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता ते ग्रेग साहेबांना सरावाची गोलंदाजी टाकीत. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकणे कठीण होते. पण चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! चेंडू सर्वांनी हाताळलेला चालतो, पेला चालत नाही, या तर्काला काय म्हणावे? 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्यात बाळू व बंधू शिवराम दोघेही होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरीही कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. 1920 मध्ये त्यांना डावलले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या बंधूंनी जाहीर निषेध करून अंग काढून घेतले. त्यानंतर अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले. अखेर 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, हिंदू जिंकले आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले.

1937 पासून ‘शेष’ संघ आला व स्पर्धा पंचरंगी झाली. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘शेष’! 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद 250. ‘शेष’चा पहिला डाव 133 वर आटोपला. दुसऱ्या डावात 387 पैकी 309 धावा एकट्या हजाऱ्यांच्या होत्या, आणि बंधू विवेक यांच्याबरोबरच्या 300 धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा अवघा 21. सामना गेला, पण मर्चंटांच्या द्विशतकापेक्षा हा पराभूत डावच अधिक स्मरणात राहिला.

डिसेंबर 1940 मध्ये गांधीजींनी अशा जातीय सामन्यांविरुद्ध मत दिले होते. तरी गर्दी ओसरली नाही. 1945-46 च्या हंगामानंतर मात्र स्पर्धा कायमची बंद झाली. प्रांतागणिक संघांच्या रणजी स्पर्धेला ती गर्दी पुढे क्वचितच लाभली, ही खंत जुन्या शौकिनांप्रमाणे मलाही आहे. परंतु बाळूंचा तो मातीचा पेला आठवला, की ही खंत बोलून दाखविताना जीभ अडखळते.