घड्याळ लावून वाचलेला उतारा

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालात, की मार्गासनीच्या पुढे विंझर लागते. एका अंगाला राजगड, पुढे तोरणा, आणि मध्ये भाताची खाचरे. गेल्या हिवाळ्यात या गावातल्या एका पडवीत दहावीची चार मुले इंग्रजीचा सराव करीत बसलेली मी पाहिली. मध्ये गजराचे घड्याळ, हातात पूर्वी कधी न पाहिलेला उतारा, आणि वेळ बावीस मिनिटे. एक मुलगी शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचीत होती. शब्द अडला की थांबायची, कपाळाला आठी घालायची. गजर झाला तेव्हा पाचांपैकी दोनच प्रश्न सुटले होते. ती म्हणाली, “सर, मला येत होतं हो, वेळ पुरला नाही.”

वाचकहो, हे वाक्य तुमच्याही घरात कोणी ना कोणी उच्चारले असेल. त्या वाक्याला इतिहास आहे, आणि तो ऐकण्याजोगा आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. सव्वाशेच्या वर उमेदवार बसले. पार पडले ते वीस-बावीस. महादेव गोविंद रानडे त्यांतलेच. त्या काळची इंग्रजीची परीक्षा म्हणजे व्याकरणाची फोड, भाषांतर आणि कवितेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगणे. वेळ तेव्हाही ठरलेला असे; पण कस लागे तो मुख्यतः आधी पढवलेल्या गोष्टींचा. त्यातूनच घोकंपट्टी वाढली, आणि घोकंपट्टीच्या पाठोपाठ गाईडे आली.

न पाहिलेला उतारा वाचायला लावून, घड्याळ लावून, मुलाची समज मोजायची ही पद्धत पुष्कळ उशिरा आली. अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिला वेळ होता अवघा पाच मिनिटांचा! हजारो मुलांना एकाच मापाने मोजायचे, तपासणाऱ्याच्या मर्जीला वाव ठेवायचा नाही, हा त्यामागचा हेतू. म्हणजे घड्याळ आले ते प्रथम तपासणाऱ्यांच्या सोयीसाठी.

पण दोनच वर्षांनी, १९१७ साली, एडवर्ड थॉर्नडाइक यांनी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. मुलांना परिच्छेद देऊन त्यांनी प्रश्न विचारले आणि चुकलेली उत्तरे बारकाईने पाहिली. मूल का चुकते? एखादाच शब्द त्याच्या मनावर फार जोर करतो आणि बाकीचे वाक्य मागे पडते, म्हणून. आपल्याकडे दुसरे काय होते? प्रश्नातला एक ओळखीचा शब्द उताऱ्यात दिसला, की त्या शब्दाची ओळ जशीच्या तशी उतरवायची आणि मोकळे व्हायचे! थॉर्नडाइक यांचे म्हणणे असे, की वाचणे म्हणजे विचार करणे. शब्दांची मोळी बांधून कोणाला अर्थ सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सारे परक्यांचे. विंझरच्या पोरांना त्याचे काय? तर जरा वर, राजगडाकडे पाहा. रायगडापूर्वी शिवछत्रपतींची राजधानी येथे होती, आणि राजधानी म्हटली की कागद आलेच. ते कागद मोडी लिपीत. ओळीवरची रेघ आधी ओढलेली, अक्षरे एकमेकांत गुंतलेली, दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत. आलेले पत्र धन्यासमोर वाचायचे म्हणजे कारकुनाला तो न पाहिलेला उताराच होता. एका अक्षरावर अडून त्याला चालत नसे. मागचा-पुढचा संदर्भ धरून तो सबंध वाक्प्रयोग एका नजरेत उचलीत असे. ही विद्या या खोऱ्याला नवी नाही. आज फक्त भाषा बदलली आहे.

आणि भाषेचाच प्रश्न खरा आहे. १९४८ च्या सुमारास मुंबई राज्यात पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढले गेले. एस. एस. सी. तेव्हा अकरावीला होती. शहरातल्या पुष्कळ घरांनी शिकवणी लावून तूट भरून काढली. खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला मात्र चारच वर्षे आली. सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. वर्षे वाढली, पण पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक तरी इंग्रजी पुस्तक घरात आले का? ढाक्क्याला शिक्षणाचे काम करणारे मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकातच सांगितले होते, की आपल्या मुलांना आधी वाचता येऊ द्या. बहुतेक शब्द ओळखीचे आणि नवे अगदी थोडे, अशी सोपी पुस्तके भरपूर द्या.

आजचा हिशेब असा. दहावीचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे, आणि दहा गुणांच्या उताऱ्याला बावीस-तेवीस. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हाती पडे; २०२३ पासून ती दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळू लागली. तरी माझे मत विचाराल, तर न पाहिलेला उतारा हा साऱ्या पेपरातला सर्वांत न्यायी प्रश्न आहे. तो कोणतेही गाईड विकू शकत नाही. पुण्याच्या मुलाने तो पाहिलेला नसतो, तसा विंझरच्या मुलीनेही पाहिलेला नसतो. अन्याय होतो तो आधी, वाचायला काही न मिळाल्याने. घड्याळ तो फक्त उघडा करते.

म्हणून त्या मुलीला मी एवढेच सांगितले : “महिनाभर गजर लावू नकोस. रोज एक सोपं पान वाच. बोट उचल. शब्द अडला तर वाक्य संपेपर्यंत पुढे जा, मग मागे बघ. प्रश्न आधी वाच. घड्याळ त्यानंतर काढ.”

फेब्रुवारीत पुन्हा जाणे झाले. घड्याळ तेच, उतारा नवा. या खेपेस तिने चार प्रश्न सोडवले आणि पाचव्यावर पेन टेकवले तेवढ्यात गजर झाला. तिने हात लांब करून तो बंद केला आणि राहिलेले उत्तर पुरे केले. मी काही बोललो नाही.